बेचाळीस

गुदैबियात, तिसऱ्या मजल्यावर,
शुक्रवारची दुपारची अजान झाल्यावर
वाम्बुईनं माझं डोकं मोजायला घेतलं.
शेपटीच्या कंगव्यानं आडवे उभे बांध घातले,
भावाभावांत वावर वाटावं तसे.
बेचाळीस तुकडे. प्रत्येकाला एक रबर.

मग कंगवा उलटा, टोकाकडून मुळाकडे.
करकर, करकर.
लहानपणी गुंता सोडवताना मी रडायचे,
इथे गुंता करायलाच चार तास लागले.
सुटे केस तिनं क्रोशाच्या सुईनं आत ओढले,
पाऊण मिलिमीटरची सुई;
आमच्याकडे तिनं टीव्हीवरचे रुमाल विणतात.
पैसे घेतले नाहीत तिनं.
म्हणाली, तुझ्या त्या शेंगांच्या पोळ्या कर,
केनियात इतकं गोड कुणी भाजत नाही.

दोन आठवडे धुवायचे नाहीत.
नंतर धुवायचे, फेस राहू द्यायचा नाही,
आणि वाळवायचे, पार गाभ्यापर्यंत.
ऑगस्टात बाल्कनीतला टॉवेल रात्रभर ओला राहतो इथे.
बाहेरून कोरडं लागतं,
आत बुरशी धरते, आणि वास आला की उशीर झालेला असतो.
म्हणून एसीखाली बसते,
मांडीवर भाताचं ताट, कानाशी ड्रायर.
उशीला साटीन. सुती अभ्र्याचे तंतू जटेत शिरतात
आणि मग तिथेच राहतात.

इथल्या पाण्यानं केस जातात, सगळ्याच सांगतात.
कोल्ड स्टोअरवाला कुन्हीसुद्धा तेलाची बाटली काढून ठेवतो.
माझेही जात असतील.
पण गळलेला केस आता खाली पडत नाही,
शेजारच्याला धरून राहतो.

क्लिनिकात टोपी बसेना, दोन घालते.
बिन्सी सिस्टर चहा द्यायच्या निमित्तानं
दोनदा वाकून वास घेऊन गेली.
काहीच आला नाही.
तिचा चेहरा पडला बिचारीचा.

आईला महिनाभर ओढणीतूनच फोन केला.
काल ओढणी सरकली.

"जट आली व्हय गं तुला?"

आली नाही. केली.

तिला कळलं नाही.
आमच्याकडे जट येते,
ताप येतो, अंगात येतं, तशी येते.
माझी मावशी, बाळव्वा, बारा वर्षांची,
कानामागे चिंचेएवढी गाठ आली तिला.
तेल मिळत नव्हतं, कंगवा एक, घरात सहा पोरी.
गाठीला भंडारा लावला,
डोंगरावर नेली, हातात परडी दिली.
त्यानंतर त्या केसांना कंगवा लावायची बंदी.
माझी कंगव्यानंच झाली.

स्क्रीन थिजली असं मला वाटलं.
मागे पंखा फिरत होता, म्हणजे आईच थिजली होती.

"मेली तवा कमरंखाली हुती तिची.
न्हाऊ घालताना मी कापली.
भाईर बापय लाकडं मोजत हुती.
तुझ्या बाच्या दाढीचं पान घेतलं,
दोन पानं मोडली बघ.
मान वाकडी झालीवती गं वजनानं.
म्हटलं, जाताना तरी सरळ जाऊ दे."

कुठं टाकलीस?

"टाकली न्हाई.
ट्रंकेत हाय. तुझ्या जावळाशेजारी."

आम्ही दोघी गप्प.
बहारीनमध्ये साडेनऊ, तिकडे बारा.
ही बाई दहाला झोपते.

मग तिनं डोळे बारीक केले,
फोन नाकाला लागेल इतका जवळ आणला.
"फिरीव बघू मान. मागनं दाखीव.
वल्लं ठिवू नगंस हां.
तिच्यात आत काळं पडलंवतं."

फोन ठेवला तसा ड्रायर लावला.
आतल्या खोलीतून वाम्बुई ओरडली, वीजबिल!
आणि थोड्या वेळानं स्वतःच आली, मागे बसली.
मुळाशी महिनाभरात अर्धं बोट नवे केस आलेत,
सरळ, गुळगुळीत, कशातच नसल्यासारखे.
तळहातांत धरून ती वळते.
उजवीकडे, दर वेळी उजवीकडेच.
मी मोजत जाते.
एकोणिसाव्यापाशी झोप लागते.