मॅट काळा

दातांच्या डॉक्टरांना पांढऱ्याचा एवढा राग
मी पहिल्यांदाच पाहिला.
"सोयरू, वर बघ," म्हणाले,
"भिंती काळ्या केल्या, पडदे काळे, पंख्याची पातीसुद्धा,
आणि मधोमध हा. तोंडात उरलेला एकच दात.
चित्रात रात्र झाली की हाच उजळतो."

स्टुलावर चढून पाहिलं.
प्रोजेक्टर. छताला उलटा टांगलेला,
वटवाघळासारखा, पण गोरा.

चाळीस वर्षं कुडचड्यात मी ट्रक रंगवले.
फाळक्यांवर कमळं, टपावर देव,
मागं पोपट, पोपटाच्या चोचीत मालकाच्या मुलीचं नाव.
खाणीवरून रांगेनं उतरताना
लाल धुळीतूनही आपला ट्रक आपल्याला ओळखू यावा
असा पिवळा मीच कालवायचो,
प्रमाण कुणाला सांगितलं नाही.
मग खाणी बंद झाल्या. ट्रक रस्त्याकडेला थांबले ते थांबलेच,
चाकांत वेली शिरल्या,
माझी कमळं पापुद्रे धरून निघाली.
काही भंगारात गेले, काही घाटावर विकले.
घेणाऱ्यानं आधी नाव खरवडलं.

ते असो.

कवच सोडवलं. नऊ स्क्रू,
निघाले त्याच क्रमानं आईस्क्रीमच्या डब्याच्या झाकणात मांडले.
वर उघड्या राहिलेल्या भिंगावर मऊ कापड बांधलं.
"जाळीच्या फटी बुजू देऊ नकोस," डॉक्टर म्हणाले,
"त्याला श्वास लागतो,"
अगदी भूल देतानाच्या आवाजात.

अंगणात नेऊन स्पिरिटनं पुसलं.
सहाशे नंबरचा कागद पाण्यात बुडवून
हलक्या हातानं घासत गेलो
तर अंगठ्याला कंपनीचं नाव लागलं.
उठावाची अक्षरं, सुबक,
शेवटच्याला छोटीशी शेपटी.
कुणीतरी बसून काढली असणार ती शेपटी.
आजवर मी नावं घातली होती,
पुसलं नव्हतं एकही.
उंड्याचा तुकडा पातळभाजीत बुडवून
जरा वेळ तसाच बसलो.
मग घासलं.

मॅट काळा अवघड असतो, पात्रांव.
चमकणारा रंग चुका झाकतो, हा सगळ्या दाखवतो.
एक वीत अंतर ठेवायचं, हात चालता ठेवायचा,
जास्त झाला की ओघळ,
कमी झाला की खालून दात हसतो.
प्रायमरवर तीन हात. मध्ये वीस-वीस मिनिटं.

तिसरा हात ओला असतानाच
सावर्ड्याच्या बाजूनं ट्रक आला. भरलेला.
खाण परत सुरू झाल्याचं ऐकलं होतं,
पाहिलं नव्हतं.
पुठ्ठा आडवा धरेपर्यंत
पाच तांबडे कण बसलेच काळ्यावर.
मी ट्रककडे बघत राहिलो, मागून.
कमळ नाही, पोपट नाही,
नुसता एक स्टिकर, तोही वाकडा.

कण सुईनं उचलता येतात.
तीन उचलले.

दिवेलागणीला परत छतावर चढवला,
नऊच्या नऊ स्क्रू बसले.
"बस रे, बघून जा," डॉक्टर म्हणाले,
आणि दिवे घालवले.
पडद्यावर कुठलीतरी रात्र होती, कुणीतरी पळत होतं.
घरचे सगळे समोर बघत होते, मी वर.
वर काही नव्हतं.
उजेड कुठून निघतो तेसुद्धा कळेना,
माझे दोन कण तर लांबच राहिले.
डॉक्टरांनी अंधारातच माझी मांडी थोपटली:
"दिसतच नाही! सोयरू, अरे, दिसतच नाही!"
एवढं कौतुक
शंभर पोपटांनीही मिळवून दिलं नव्हतं.

घरी बायकोनं विचारलं, काय रंगवलंत?
डबा, म्हटलं.
कसा दिसतो?
दिसत नाही, म्हटलं.
"अरे देवा," ती म्हणाली,
"मग उद्या जाऊन आणखी एक हात मारून या."