डावी बाजू

मे महिना, बर्डीवर डांबर मऊ झालेलं,
आणि भर दुपारी बाई आल्या सायकलरिक्षातून
कीबोर्ड घेऊन, चादरीच्या चारी टोकांना गाठी.
"डावीकडून आवाजच नाही जी," म्हणाल्या,
"पोरगा येऊन राह्यला, तोवर ठीक करून द्या."
पावतीवर लिहिलं: रंगारी मॅडम, रामबाग.
कंप्लेंट: लेफ्ट बंद.

मी आधी बिघाडाला सोपं असण्याची संधी देतो.
बॅलन्स पाहिला. मधोमध.
हेडफोन लावला, दोन्ही कानांत स्वच्छ सा.
म्हणजे आवाज घरून निघतो,
वाटेत कुठंतरी अडतो.
मग हेडफोनच्या भोकातली ती पातळ पत्ती;
दहातले सात कीबोर्ड तिथंच फसतात.
पिन काढली तरी पत्ती मानत नाही,
तिला वाटतं, कुणीतरी अजून एकटंच ऐकतंय.
पिन घातली, काढली, घातली, काढली,
स्प्रे मारला, फुंकर मारली.
उजवा गात होता. डावा गप्प.

"स्पीकर गेला असंल, उस्ताद," इर्शाद म्हणाला.
गेला असेल तर गेला, पण बघून तर घेऊ.

उलटा केला. बावीस स्क्रू.
एकवीस कंपनीचे, काळे.
बाविसावा पितळी, खिडकीच्या बिजागरीतला.
तेव्हाच कळलं, आपल्याआधी कुणीतरी येऊन गेलंय.

आत धूळ, वाळलेलं झुरळ, पन्नास पैशांचं नाणं,
आणि डाव्या स्पीकरच्या दोन वायरी.
तुटलेल्या नव्हत्या. कापलेल्या नव्हत्या.
टाके नीट वितळवून सोडवलेल्या,
बाजूला वळवून ठेवलेल्या,
दोघींच्या टोकांवर मिळून पांढरी चिकटपट्टी.
स्पीकरला पेन्सिल सेल टेकवला: खर्र.
जिवंत. इतकी वर्षं जिवंत.

बिघाड इतका टापटीप नसतो.

"मॅडम, हे पाहता का?"
त्यांनी चष्मा पुसला, वाकल्या,
स्पीकरकडे नाही, पट्टीकडेच पाहत राहिल्या.
तिचं टोक आत दुमडलेलं होतं, गव्हाएवढं.
"हे आमच्या वार्डातलं," म्हणाल्या.
"टोक दुमडून ठेवाचं. म्हणजे पुढच्या पाळीवालीले
नखं लावा नाही लागत,
पेशंटची कातडी ओढत नाही.
मीच शिकवलं होतं त्याले."

कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता पंखा खडखडत होता.
त्या सांगत गेल्या, मला नाही,
कीबोर्डच्या उघड्या पोटाला:
मेडिकलमध्ये सतरा वर्षं, निम्म्या रात्रपाळ्या.
रामबागेत एकच खोली. पेटीवर कीबोर्ड, त्याच्या डावीकडे खाट.
सकाळी नऊला पाठ टेकायची,
आणि दहाला अनोमचा रियाज, दुपारच्या शाळेआधी.
"शेजारीण म्हणे, वैनी, झोप कशी लागते तुमाले?
मी म्हणो, सवय झाली.
मले वाटे, माहीच झोप गाढ हाय."

हेडफोन का नाही लावला, मी विचारलं.
विचारायला नको होतं.
"कीबोर्डच हप्त्याचा होता, भाऊ."

सोल्डर तापलं. मी पट्टीला हात घालणार,
तर म्हणाल्या, थांबा.
दुमडलेलं टोक चिमटीत धरून
त्यांनी ती काढली, सावकाश, केसांच्या दिशेनं,
जिथं एकही केस नव्हता.

दोन टाके घातले. धूर. राळेचा वास.
झाकण न लावताच म्हटलं, वाजवून पाहा.
"मले कुठं येते?"
पण दाबली एक पट्टी, सगळ्यात डावीकडची,
आणि वाटीतले बावीस स्क्रू थरथरले.
त्यांनी दचकून आवाज खाली केला.

शेजारच्या दुकानात, शटर अर्धं ओढून,
नंदेश्वर झोपला होता.