टॉवर नंबर सतरा

ढालगावच्या माळावर रात्रपाळी.
वर पाती फिरतायत, घूं… घूं…
दस्तगीर मुजावर डबा सोडता सोडता विचारतो,
"आली का रं लेकरं?"

लेकरं म्हणजे खोकडाची.
मागल्या पंधरवड्यात चार होती,
परवा तीनच मोजली.
चौथ्याचा विषय आम्ही काढत नाही.

कंपनीनं केबल पुरली तेव्हा उपसलेली माती
सतरा नंबरच्या खाली तशीच पडलीय.
त्या मुरमात बीळ, बिळाला पाच तोंडं.
कुठल्या तोंडातून पहिले कान वर येणार
यावर आमची चहाची पैज,
आणि ती मी हरतो.

आधी कानच येतात.
एवढाले, की खाली डोकंही आहे
हे मागाहून कळतं.
मग डोळे, मग ओलं नाक,
मग राखेत लोळवलेला कापूस
उताणा पडून भावाचं शेपूट चावायला लागतो.

"मला सांग लगा बिरू,
ह्यास्नी बघून हसू का येतं?"
मऊ असतात म्हणून, मी म्हणतो.
"हात लावलाईस?"
नाही.
"मग मऊ हायत हे कुणी सांगितलं तुला?"

मी टॉर्च उगाच विझवतो, पेटवतो.

"आन् केसाचंच म्हणशील
तर तरसाला काय पिसं असत्यात?
गेल्या उन्हाळ्यात दिसलं तवा
केबिनची कडी लावून
पहाटंपतोर मारुतीचं नाव घेत हुतास."
कडी तू लावलीस.
"कडी मी लावली. नाव तू घेत हुतास."

हे मात्र खरं.
घोरपडही इथलीच, याच दगडांतली,
कुणाच्या अध्यात ना मध्यात,
तिचा फोटो कुणी मोबाईलवर लावत नाही.
दस्तगीरनं बायकोचा काढून खोकडाचा लावला.
दोन दिवस ती बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली,
"जरा मोठा करून दाखवा की."

भाकरी संपत आली तेव्हा
कुणास ठाऊक का, मी ते सांगितलं.
सातवीत होतो. तूर काढताना
ससा सापडला, मुठीत मावेल एवढा.
कानटोपीत घालून घरी आणला.
वातीनं दूध पाजलं, थेंब थेंब.
रात्रभर त्याच्या पाठीवरून बोट फिरवत राहिलो.
आधी थरथरत होता,
मग हळूहळू थांबला.
मला वाटलं, शांत झाला,
ओळखू लागला मला.

सकाळी आई म्हणाली,
"भुकेनं नाही रे गेला.
तुझ्या हाताला भ्याला."

दस्तगीर काहीच बोलला नाही.
लसणाची चटणी माझ्याकडं सरकवली,
जी तो एरवी कुणाला देत नाही.
पाती दोनदा-तीनदा फिरली असतील.
मग म्हणाला, "त्यापरीस हे बरं.
हितनं बघायचं.
त्यास्नी आपलं काय न्हाई,
आपल्याला त्यांचं काय न्हाई."
व्हय, मी म्हणालो.
पण त्याची डावी चप्पल
गेल्या मंगळवारपासून बिळाच्या तोंडाशी आहे,
पट्टा कुरतडून झालाय,
आणि हा उजवी घालून, एक पाय अनवाणी,
हवेनं उडाली असं सगळ्यांना सांगत हिंडतोय.

तेवढ्यात दोन नंबरच्या तोंडातून कान आले.
मी चार नंबर म्हटलं होतं.

पहाटे चहा पाजला.
साखर जादा मागितली त्यानं, जिंकलेल्याच्या तोऱ्यात.
मग रजिस्टर पुढं ओढलं.
वाऱ्याचा वेग, तेलाची पातळी, कुलपं,
सगळं त्याच्या वळणदार अक्षरात.
शेवटचा रकाना, "विशेष नोंद".
पेन तिथं थोडं थांबलं.
लिहिलं असतं तर कोणीतरी वाचलं असतं,
वाचलं असतं तर रविवारी
साहेबांची गाडी आली असती,
पोराबाळांसकट, बिस्किटं घेऊन.

त्यानं माझ्याकडं पाहिलं.
मी बिळाकडं.
"निरंक," त्यानं लिहिलं,
आणि खाली दोघांनी सह्या केल्या.