एक रुपया बत्तीस पैसे

सोळा हजार पाचशे भागिले सव्वीस,
भागिले आठ, भागिले साठ.
हर्षिला नेवारेच्या एका मिनिटाचे
एक रुपया बत्तीस पैसे होतात.
सूत्र माझं नाही. मी फक्त माऊस धरून
चाळीस नावांवरून खाली ओढतो.

दर तिसऱ्या बुधवारी ती मेडिकलला जाते.
नागपुरात मेडिकल म्हटलं
की पुढे हॉस्पिटल म्हणावं लागत नाही.
सिकलसेल.
चिठ्ठीची एक रांग, रक्ताची एक,
गोळ्यांच्या खिडकीसमोर तिसरी,
आणि तिचा नंबर येतो तेव्हा खिडकीची जेवणाची सुट्टी होते.
मग मेट्रो, मग हिंगण्याच्या फाट्यापासून पायी,
मे महिन्यात, दुपट्ट्यात डोकं गुंडाळून,
पर्समध्ये उन्हासाठी एक कांदा.

एकशे नव्वद मिनिटं.
दोनशे एक्कावन्न रुपये.

कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय उघडतात:
उशीर, खासगी, विनापरवानगी.
मी खासगी निवडतो.
रक्त खासगी असतं
हे मला या नोकरीत कळलं.

देवानंद म्हणतो,
"तिचं प्रेस मीच चालवून राहिलो ना बाप्पा तेवढा वेळ.
माहं आन् तिचं, दोन्ही. मले कोन देते त्याचे?"
तो खोटं बोलत नाही.
देवानंदसाठीही रकाना नाही.

साहेब म्हणतात, आज एकीला दिले
की उद्या चाळीस जणांचे दात दुखतील.
साहेब वाईट नाहीत. दिवाळीला घरी येऊन संत्रा बर्फी देतात,
आईची चौकशी करतात, चहा घेतात बिनसाखरेचा.
त्यांचं बीपी धंतोलीत तपासतात, शुक्रवारी साडेअकराला.
त्यांच्या डायरीत ती वेळ मीच लिहितो:
मीटिंग.

आणि प्रेस तापलं की दोन तास बंद ठेवतात.
बुटीबोरीहून मेकॅनिक येतो,
तर्री-पोहे खाऊन, हात पुसत,
त्याच्या येण्या-जाण्याचेही पैसे देतो आपण.
हे मी साहेबांना म्हणालो नाही.
म्हणेन असं तीन वेळा ठरवलं.

फेब्रुवारीत मला साखर निघाली.
उपाशीपोटी एकदा, जेवून दोन तासांनी एकदा,
मधले दोन तास डॉक्टरच्या पायऱ्यांवर बसून
मी माझंच मिनिट काढलं. दोन रुपये आठ पैसे.
समोर एक बाई मुलाला मोसंबी सोलून देत होती.
किती वेळ सोलत होती ते मोजलं,
मग गुणलंही. सवय.

परत आलो, संगणक उघडला,
माझ्या नावापुढे लिहिलं: बँकेत, कंपनीचे काम.
कोणी विचारलं नाही.
मला कोण विचारणार, विचारणारा मीच.

त्याच महिन्यात तिचे दोनशे एक्कावन्न कापले.
तेही मीच.

ती दर वेळी केसपेपरची झेरॉक्स आणते,
शिक्का नीट दिसावा म्हणून दुमडून त्याच बाजूने.
"फाइलीत लावा सर, काम पडलं तर."
फाइल नाही. खणात ठेवतो, स्टेपलरच्या खाली.
एकोणीस झाल्या.
तिला वाटतं त्या कुठेतरी पोचतात.

काल बुधवार होता.
पावणेदोनला ती दारात उभी,
उजव्या अंगठ्याला कापूस, वर पांढरी पट्टी.
हजेरीचं यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
तिने अंगठा दाबला. पुन्हा प्रयत्न करा.
तिने पट्टी सोडवली, कापूस काढला,
अंगठा कुर्त्याला पुसून टेकवला.
यंत्र म्हणालं, धन्यवाद.

काचेवर एक बारीक लाल ठिपका राहिला होता.
माझ्या टेबलावरून दिसत होता.
वेळ नोंदली गेली होती, एक अठ्ठेचाळीस.
मी रकाना उघडला,
उशीर, खासगी, विनापरवानगी,
आणि बाण तसाच लुकलुकत ठेवून
रुमाल ओला करायला उठलो.