डाव्या पायाची जागा

फायरवॉलला भोक आधीपासूनच होतं.
कंपनीने पाडलेलं, वर काळं रबरी बूच.
साचा दोन्ही गाड्यांना एकच,
ऑटोमॅटिकवाल्याला ते कधी दिसत नाही एवढंच.
स्क्रूड्रायव्हरने बूच उचकटलं
तर आतल्या अंधारात दापोडीचा उजेड आला,
रुपयाएवढा.

बाकी जागेच्या नावाने बोंब.
एका अंगाला ब्रेकचा बूस्टर, घागरीसारखं पोट काढून,
दुसऱ्या अंगाला फ्यूजची पेटी,
वर वायपरची मोटर, खाली स्टिअरिंगचा दांडा.
मधल्या सांदीत मास्टर सिलिंडर.
माझी तीन बोटं जातात. अंगठा बाहेर राहतो.
अंगठ्याशिवाय नट धरून बघा कधी.

गाडी उबाळ्यांची. खडकीच्या कारखान्यात हिशेबनीस.
डाव्या पायाला कॅलिपर, लहानपणच्या पोलिओचा,
म्हणून गाडीला दोनच पेडलं.
दर सहा महिन्यांनी यायचे, स्टुलावर बसून
बिलातली बेरीज तपासायचे.
एकदा माझ्याच तोट्याची चूक काढून
अकरा रुपये जास्त देऊन गेले.

संक्रांतीच्या आधी ते गेले,
मग चार महिन्यांत गिअरबॉक्स.
नव्याच्या किमतीत दुसरी गाडी येईल, मी लेकीला सांगितलं.
कल्याणी म्हणाली, मग मॅन्युअल करा.
म्हटलं, ताई, तेही परवडायचं नाही, विकून टाका.
किती दिवस लागतील, म्हणाली.

नऊ लागले.
पेडलचा सांगाडा बुधवारी जुन्या बाजारात मिळाला,
कुणाच्या तरी चेपलेल्या गाडीतला.
पाइप नाना पेठेतून आणला, गुडघ्यावर वाकवला.
पहिला एक्झॉस्टला टेकला, दुसरा बूस्टरला घासला,
तिसऱ्याला वरून कमान दिली तेव्हा कुठे
कुणालाच न दुखावता खाली उतरला.

बाराचा पाना, दांडी कापून अर्धा केलेला.
एका खेपेला नट घड्याळातल्या पाच मिनिटांएवढा फिरतो.
काढा, उलटा करा, लावा. पुन्हा पाच मिनिटं.
डोळे मिटूनच करतो मी हे. दिसत तर काही नाहीच,
उघडे ठेवले की उगाच मदत करायला बघतात.

कार्पेट उचलताना डावीकडे एक डाग दिसला,
खापरीसारखा कडक,
बुटाच्या लोखंडाने अठरा वर्षं एकाच ठिकाणी टेकून केलेला.
नवं पेडल दाबलं की नेमकं त्याच्यावर येत होतं.
इर्शाद म्हणाला, नवीन कार्पेट टाकू का?
म्हटलं, बिलात नाही ते.

शुक्रवारी तेल भरलं. इर्शाद नमाजला गेलेला,
म्हणून तिलाच सीटवर बसवलं.
मी खाली, पाठीला पुठ्ठा.
दाबा. धरा.
निपल सैल, नळीत बुडबुडे,
निपल घट्ट. सोडा.
दाबा. धरा.
लोण्यात गेल्यासारखं जातंय हो, ती वरून म्हणाली.
हवा आहे अजून.
हवेला उंच जागा आवडते,
माझ्याच कमानीत जाऊन बसली होती.
उठून वरचा जोड जरासा सैल केला, फडकं धरून,
कारण हे तेल रंग खातं,
आणि ती फुसकन गेली.
पुन्हा पुठ्ठ्यावर.
दाबा. धरा. सोडा.
दाबा.

धरलंय?
धरलंय.

स्लेव्हचा दांडा माझ्या बोटाखाली थरथरत होता.
इंजिन बंद, फाटकाशी रेल्वेही नाही.
डावा पाय होता तो तिचा, सवय नसलेला,
मांडीतून पेडलमध्ये, पेडलमधून तेलात,
तीन वाकणं उतरून माझ्यापर्यंत.

सोडू का, तिने विचारलं.
म्हटलं, थांब जरा.

बुडबुडे केव्हाच संपले होते.