वरचं एक

घणसोली गावात, नाल्याच्या कडेला,
पाच बाय आठचं माझं दुकान होतं.
डिस्प्ले, चार्जर, रिचार्ज,
आणि पाटीवर खाली, लाल रंगात :
गाणी भरून मिळतील.
आठ जीबी, साठ रुपये.

गाण्याचं नाव कुणी सांगत नसे.
'नवीन टाक,' म्हणत. 'चालतात ती टाक.'
चालणारी माझ्याकडे रचून ठेवलेली होती,
हळदीची, जिमची, बेवफाईची,
टेम्पोवाल्यांची वेगळी.
त्यांतलं एकही माझं नव्हतं,
विकत घेतलेलंही नव्हतं.
चोरीच ती, फक्त पाटी लावून केलेली.

समोरच्या चाळीत हरेश केणी राहायचा.
महाप्याला रात्रपाळी,
लग्नसराईत बँजो पार्टी.
दुसऱ्यांची गाणी वाजवून
बोटांना घट्टे पडलेले.
स्वतःची बारा गाणी त्यानं
खिडकीला आईच्या गोधड्या टांगून
फोनवरच रेकॉर्ड केली.
पाचव्यात मधेच शेजारचा कुकर शिट्टी देतो.
'काढायची का?' मी विचारलं.
'राहू दे,' म्हणाला, 'सुरात आहे.'

पेन ड्राइव्ह ठेवून गेला.
'कुणी मागितलं तर दे.'
पावसाळा गेला, दिवाळी गेली,
कुणी मागितलं नाही.

मग एका सकाळी बाजारात
हिरुबाय तांडेलनं बोंबलांच्या वाट्यावर
न विचारता एक वरचा टाकला.
नेहमीच टाकते.
तो एक कुणी मोजत नाही,
पण त्याच्यापायीच आपण
चार कोळणी ओलांडून तिच्याकडे जातो.

त्या दुपारी पहिलं कार्ड आलं ते
कोपरखैरण्याच्या एका रिक्षावाल्याचं.
एकशे चाळीस चालणारी टाकली
आणि वर एक, हरेशचं.
शिट्टीवालं.

तेव्हापासून प्रत्येक कार्डात टाकत गेलो.
वॉचमनच्या, मार्केटातल्या हमालांच्या,
ब्यूटी पार्लरच्या, दोन हवालदारांच्या.
चार वर्षांत एकच तक्रार.
सेक्टर सातच्या एक बाई परत आल्या :
'ते शिट्टीचं काढा हो,
दर वेळी गॅस बंद करायला उठते मी.'

पुढे डेटा स्वस्त झाला, कार्डं संपली.
माझ्या गाळ्यात आता मोमो मिळतात.

गेल्या मंगळवारी तळवली नाक्यावर
रिक्षा धरली. गर्दीत अडकलो,
आणि मागच्या फाटक्या स्पीकरातून
हरेश.
घसा तोच, जरा नाकातून.
शिट्टीची जागा आली
तसा ड्रायव्हरनं हॉर्न दिला,
बरोब्बर समेवर,
रोजचा सराव असल्यासारखा.

'कुणाचं गाणं हे?'
'मना काय मायीत? कार्डान व्हता.
पोरगी यावरच झोपते.'
मी नाव सांगितलं. गावही.
त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.
'जिता हाय?'

गाणारा माणूस जिवंत असतो
आणि रिक्षाच्या भाड्यात बसेल
एवढ्या अंतरावर राहतो,
हे त्याच्या हिशोबात कधी आलं नव्हतं.
माझ्या हिशोबात होतं.
दोन हजारांवर कार्डं, साठाच्या दरानं,
आणि हरेशच्या नावापुढे
एक चहासुद्धा नाही.
वरचं म्हणून दिलं मी ते,
पण बोंबील हिरुबायचा स्वतःचा होता.

'चल,' म्हटलं, 'दाखवतो.'

चाळीखाली पोचलो.
दुसऱ्या मजल्यावर, भर उन्हात,
खिडकीला गोधड्या टांगलेल्या.
मी वर बोट केलं.
त्याला काय कळलं कोण जाणे,
हात पुढे करून
त्यानं इंजिन बंद केलं.

मीटर मात्र पडत होता.
तोही बंद करायला तो वळला.
राहू दे, म्हटलं.