जमेच्या बाजूला

बोबो-दिउलासो, बुर्किना फासो

बसा, बाझियेसाहेब, त्या पिवळ्या डब्यावर बसा,
रिकामा आहे, पँटला तेल लागायचं नाही.
भिंतीपलीकडच्या नाटकवाल्यांना
नगरपालिकेने पैसे कशाला द्यायचे,
असं विचारत फिरताय म्हणे सकाळपासून.
मला विचारा. मी अफूसाता सानोगो,
एकोणीस वर्षं या दारात मासा भाजते.
आत मात्र कधी गेलेले नाही,
खेळाच्या वेळी निखारा सोडून कोण जाईल?

ही वही. अक्षर लेकीचं, आकडे माझे.
खेळ नसलेली रात्र: सात मासे, त्यातले दोन उधार.
खेळाची रात्र: एकेचाळीस,
आणि आचेकेचं पातेलं इतकं कोरडं
की धुवायलाही मन होत नाही.

आता मासा काही माझ्या अंगणात उगवत नाही.
धरणावरून इद्रिसा आणतो, त्याच्या मोपेडला पेट्रोल,
माशाला बर्फ, बर्फवाल्याला वीज.
कांदे चिरायला रोकिया येते,
तिचे पैसे धाकट्याच्या शाळेत जातात
आणि त्या शाळेतले मास्तर, साहेब,
शुक्रवारी माझ्याकडेच जेवायला असतात.
नोट फिरून गल्लीतच येते,
जरा चुरगळलेली, धुराचा वास लागलेली.
ओळखते मी तिला.

तो कडुनिंबाखाली मोपेडी राखणारा लासिना,
हातात खडू, प्रत्येक सीटवर नंबर, पन्नास फ्रँक.
तुमच्या कागदात त्याला काय म्हणतात? बेकार?
आणि तेने शिंपीण. नाटकातल्या राजाचा झगा तिने शिवला,
तेव्हापासून निम्म्या गावाला लग्नात
त्याच बाह्या हव्या असतात.

तुम्ही नवे आहात, तुम्हाला ते वर्ष ठाऊक नाही.
छप्पर गळायला लागलं, पैसे आले नाहीत,
सात महिने दाराला कुलूप.
लासिना सोन्याच्या खाणीकडे गेला,
आला तो खोकला घेऊन.
कोपऱ्यावरचा दिवा गेला तो कुणी बदलला नाही,
आणि आम्ही बाया आठच्या आत घरात.
कुणी सांगितलं नव्हतं.
अंधार काही सांगत बसत नाही.

हे सगळं लिहून घ्या. घेतलंत?
आता खरं सांगते.
एवढंच असतं तर इथे दारूचा अड्डा चालला असता,
पिणाऱ्यांनाही मासा लागतोच.

मी नाटक पाहत नाही, ऐकते. भिंतीवरून.
हसण्यावरून कळतं, आज विनोदी आहे, मिरची जास्त लागेल.
पण मागच्या थंडीत, हर्मॅटनची धूळ होती,
आत तीनशे माणसं एकदम गप्प झाली.
एक बाई बोलत होती, आपल्या दिउलात, हळू.
वारा अर्धे शब्द उडवून नेत होता.
“...तुझी वाटी मी अजून पालथी घातलेली नाही...”
एवढंच आलं माझ्यापर्यंत.
कुणाची वाटी, कोण गेलं, मला माहीत नाही.
माझ्या हातात चिमटा होता, तो हातातच राहिला.
लासिना खडू धरून उभा.
गिऱ्हाईक उभं, तेही काही बोललं नाही.
आमच्या घरी फळीवर एक वाटी आहे.
ती मी रोज पुसते.

तीन मासे जळून कोळसा झाले.
साडेचार हजार फ्रँक, साहेब.
रात्री कोरोतिमी वही घेऊन बसली.
“आई, हे नुकसान ना? नावे लिहू?”
मी म्हटलं, जमेला लिही.
“असं कसं? हिशेब चुकेल.”
चुकू दे.

हे बघा ते पान, बोटाचा डाग पडलाय तिथे.
तुमच्या रकान्यात बसतंय का बघा.
नसेल तर रकाना मोठा करा, कागद तुमचाच आहे.

आणि हा घ्या मासा. शेपटीकडे काटे फार, जपून.
पैसे राहू देत आत्ता,
खेळ सुटल्यावर द्या.